राखीव अंतराळवीराचा नवरा

३ फेब्रुवारी, सोमवार

काम मिळालं! राइनलँड अंतराळमित्र मंडळाचा फोन होता. नॉर्डलिख्ट मोहिमेला मे महिन्यात पंचवीस वर्षं होतायत. सहा मिनिटांची स्मरणफिल्म करायची आहे. तिच्यातलं हलणारं सगळं माझं: शीर्षक, रॉकेट, पृथ्वीभोवतीची कक्षा, नावं. अख्ख्या कोलोन शहरात त्यांना दुसरा कोणी सुचला नाही. (अध्यक्षा डॉ. पेश म्हणाल्या, आधीच्या दोघांनी नकार दिल्यावर माझं नाव आठवलं. म्हणजे शेवटी आठवलंच ना.)

आजपासून नियम. सकाळी आठला टेबलाशी. बिअर संध्याकाळी एकच. आल्मुटबरोबर रोज नदीकाठी फिरायला जायचं.

आल्मुटला स्वयंपाकघरात जाऊन बातमी दिली. "हो का," म्हणाली आणि बटाटे सोलत राहिली. मन भरून आलं की ती अशीच गप्प होते. कारण नॉर्डलिख्ट म्हणजे आमच्या घरातलीच गोष्ट. त्या मोहिमेसाठी दोघांची तयारी झाली होती. फोल्कमार रेन्ट्स आणि माझी बायको. दोघांना तेच प्रशिक्षण, तीच रशियन भाषा (रॉकेट त्यांचं होतं), तेच गरगर फिरवणारं यंत्र. शेवटी फोल्कमार वर गेला. आल्मुट राखीव होती, ती खाली राहिली. आता शाळेत फिजिक्स शिकवते.

मी ठरवलंय. या फिल्ममध्ये आल्मुट असेल. कोणाला सांगायचं नाही. तिला तर नाहीच नाही. सरप्राइज!

६ फेब्रुवारी, गुरुवार

पेशबाईंबरोबर पहिली मीटिंग. स्क्रिप्टमध्ये आल्मुटचं नावसुद्धा नाही. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. बाई म्हणाल्या, "ल्यूटगेन, हातात सहा मिनिटं आहेत. त्यातलं एक मिनिट मंत्र्यांच्या शुभेच्छांनाच जाणार. तुमच्या मिसेसना पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय, काळजी करू नका."

मी नुसता गूढ हसलो. बाईंनी विचारलं, दात दुखतोय का.

क्लायंटला काय हवंय ते दाखवल्याशिवाय कळत नसतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कक्षेची रेघ थरथरतेय. सकाळपासून तेच. पृथ्वी गुळगुळीत फिरते, पण रेघ एका ठिकाणी आली की उचकी लागल्यासारखी उडी मारते.

आल्मुट दारात येऊन उभी राहिली. "आन्सगार, थोडं बोलायचं होतं."

म्हटलं, एवढी रेघ सरळ झाली की लगेच.

"किती वेळ लागेल?"

म्हटलं, झालंच.

वळून पाहिलं तेव्हा दारात कोणी नव्हतं. माझ्या कामाची कदर आहे तिला. सगळ्यांच्या नशिबात अशी बायको नसते.

फिरायला जाणं झालं नाही. पाऊस. उद्यापासून.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आल्मुट अचानक स्वतःकडे लक्ष द्यायला लागलीय. दाताच्या डॉक्टरकडे गेली. डोळे तपासले. आज ईसीजी काढून आली. सकाळी नदीकाठी पळायलाही जाते. म्हणजे नदीकाठचा नियम पाळला जातोय, फक्त माझ्याशिवाय.

विचार करून निष्कर्ष काढला: मे महिन्याच्या समारंभात पहिल्या रांगेत बसायचंय ना, म्हणून तयारी चाललीय. गंमत वाटली. तिला म्हटलं, तू आहेस तशीच छान दिसतेस.

तिने ईसीजीचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मग म्हणाली, "ईसीजी काढून कोणी छान दिसत नाही, आन्सगार."

लाजली की विनोद करते.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

बायकांचा कार्निव्हल. बेकरीतल्या बाईने कात्रीने माझा टाय कापला. दरवर्षी मी त्यासाठी जुनाच टाय घालून जातो, पण यंदा गडबडीत लग्नातला गळ्यात अडकवला होता. असो. या दिवशी बायकांनी पुरुषांचे टाय कापायचे ही इथली परंपरा आहे.

संध्याकाळी आल्मुटला पबमध्ये ओढून नेलं. तोबा गर्दी. बिअर दोन. (ग्लास लहान असतात. सहा झाल्या, पण आकाराने दोन.) शेजारच्या टेबलाशी ओळख करून दिली: "ही माझी बायको. अंतराळात जाता जाता राहिली!" हे माझं हुकमी वाक्य. कुठेही चालतं. लोक आधी "अरे वा!" म्हणतात आणि लगेच "अरेरे!"

गाजराचा वेश केलेल्या एकाने तिला विचारलं, "मग नेमकं काय झालं हो?"

तिने तोंड उघडायच्या आत मी सगळं सांगितलं. ती गोष्ट मी रंगवून सांगतो, हे मान्यच करावं लागेल. गाजराच्या डोळ्यांत पाणी आलं. वळून बघतो तर आल्मुट कोट घालून दारापाशी.

गर्दीचा त्रास होतो तिला हल्ली.

५ मार्च, बुधवार

कार्निव्हल संपला. रस्त्यावर कागदाचे तुकडे आणि तुटक्या बाटल्या. आणि आमच्या दारासमोर, भंगाराच्या गाडीची वाट बघत: जुनी गादी, एक दिवा आणि आल्मुटची सीट!

सीट म्हणजे ती सीट. वर जाणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीचा साचा घेऊन बनवतात, परत येताना यान जमिनीवर आपटलं तरी मणके शाबूत राहावेत म्हणून. राखीव माणसाचीही बनवतात. फोल्कमारची सीट जाऊन आली. आल्मुटची तळघरात होती.

स्लिपर घालूनच खाली धावलो. एक माणूस ती व्हॅनमध्ये चढवतच होता. म्हणाला, "बागेत फुलं लावायला बरी आहे." मी अक्षरशः हिसकावून घेतली. तिसऱ्या मजल्यापर्यंत एकट्याने वर आणली.

आल्मुट शाळेतून आली. दारातच थांबली. "हे मी टाकलं होतं."

म्हटलं, चुकून गेलं असेल गादीबरोबर.

"चुकून नाही. मुद्दाम टाकलं."

म्हटलं, एक दिवस माझे आभार मानशील.

"माझ्या पाठीचा साचा आहे तो, आन्सगार. पाठ आहे माझ्याकडे."

एवढी विनम्र बाई मी पाहिली नाही. सीट माझ्या कॉम्प्युटरसमोर ठेवलीय. आता तिच्यातच बसून काम करणार. प्रेरणा मिळेल.

१० मार्च, सोमवार

पाठ धरली. उठता येत नाही. डॉक्टरांनी विचारलं, कसल्या खुर्चीत बसता? सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. आल्मुटच्या पाठीला जिथे खळगा आहे तिथे माझ्या पाठीला उंचवटा आहे म्हणे. इंजेक्शन दिलं.

म्हणून या आठवड्यात काम झालं नाही. कारण वैद्यकीय आहे. पेशबाईंना तसं कळवलंय.

२४ मार्च, सोमवार

आल्मुट ब्रेमरहाफेनला गेलीय. दोन दिवस. सकाळी नाश्त्याला सांगत होती. "निवड मंडळ" असं काहीतरी. माझं लक्ष शीर्षकाच्या फॉन्टमध्ये होतं. बहुधा मुख्याध्यापिकेची निवड. शोभेल तिला. पण त्यासाठी तिकडे समुद्रावर कशाला बोलावतात? शिक्षणखात्याचं काही कळत नाही.

तिला मेसेज केला: "अंतराळात जाता जाता राहिलीस ते आधीच सांगून टाक. छाप पडेल." उत्तर नाही. तिकडे रेंजचा प्रॉब्लेम असणार.

घर रिकामं, त्यामुळे काम झपाट्याने झालं. आल्मुटचा शॉट पूर्ण! जुन्या फोटोंतून तिला कापून काढली. हात वेगळे, पाय वेगळे, केस वेगळ्या लेयरवर. ती माळरानावरून रॉकेटकडे चालत जाते. मग दार उघडतं. मग ती आत, फोल्कमारच्या शेजारी, तरंगतेय. केस हलकेच वर. खिडकीत निळी पृथ्वी. ती हात हलवते.

जे इतिहासाला जमलं नाही ते मी काही सेकंदांत केलं. पाहताना रडू आलं. परत पाहिलं. परत रडू आलं. म्हणजे शॉट चांगलाच झालाय.

८ एप्रिल, मंगळवार

पेशबाईंना कच्ची फिल्म दाखवली. बाईंनी मध्येच हात वर केला. "हे काय आहे?"

म्हटलं, कल्पना.

"पण त्या गेल्या नव्हत्या."

म्हटलं, मनाने गेल्या होत्या.

"ल्यूटगेन, आपण जे घडलं त्याची आठवण ठेवतोय. जे घडलं नाही त्याची नाही. काढून टाका ते."

हो म्हटलं. घरी येऊन दोन फाइली केल्या. एक पाठवायची, एक दाखवायची. समारंभात लॅपटॉप माझाच असणार आहे.

संध्याकाळी फोल्कमारचा फोन. बाईंनी त्याला सांगितलं असावं. "काय रे, आल्मुटला विचारलंस का?"

म्हटलं, विचारलं तर सरप्राइज कसलं.

"अरे बाबा, विचार तिला. माझं ऐक."

मला त्याचं सगळं कळतं. पंचवीस वर्षं फ्रेममध्ये एकटा होता. आता दुसरं कोणी शेजारी आलेलं कसं सोसवेल?

२० एप्रिल, रविवार. ईस्टर

आल्मुटने मटण रोस्ट केलं होतं. कापडी नॅपकिन काढले होते. मला वाटलं, सणामुळे.

जेवण सुरू होताच म्हणाली, "माझी निवड झालीय."

मी उठून ग्लास उंचावला. "मुख्याध्यापिकाबाई!"

तिने काटा खाली ठेवला. मग शांतपणे सगळं सांगितलं. लहान मुलाला सांगतात तसं, एकेक गोष्ट सुटी करून. दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फावर एक संशोधन केंद्र आहे. वर्षातून एकदा नऊ माणसं तिथे हिवाळा काढायला जातात. मधले कित्येक महिने तिथे विमान उतरत नाही, जहाज पोचत नाही. हवेतल्या वायूंची मोजणी करायला त्यांना माणूस हवा होता. तिने अर्ज केला होता. जुलैपासून ब्रेमरहाफेनला प्रशिक्षण, डिसेंबरात प्रयाण. मग सव्वा वर्ष तिकडेच.

"तुला तीनदा सांगायचा प्रयत्न केला मी," म्हणाली.

मी विचारलं, "राखीव आहेस का?"

"नाही, आन्सगार."

मटण गार झालं. चव चांगली होती.

दुपारभर विचार केला. घाबरण्यासारखं काही नाही. कारण मला समजलंय. इतकी वर्षं हिचं कौतुक कोणी केलं नाही, म्हणून हे खूळ शिरलंय डोक्यात. एकदा का स्वतःला त्या पडद्यावर तरंगताना पाहिलं, आणि अख्खं सभागृह उभं राहिलं, की आपोआप उतरेल. आता सगळं त्या शॉटवर आहे. केस अजून थोडे हळू उडायला हवेत.

१७ मे, शनिवार. सकाळ

आजचा दिवस! सूट इस्त्री केला. फाइल तीनदा तपासली. समारंभानंतर दोघांसाठी नदीकाठच्या हॉटेलात टेबल सांगून ठेवलंय. तिथेच ती म्हणेल, नाही जात मी. मी लगेच खूश झाल्याचं दाखवणार नाही.

१८ मे, रविवार

हॉटेलात गेलो नाही.

काय झालं ते क्रमाने लिहितो. फिल्म सुरू झाली. शीर्षक झकास. मंत्र्यांच्या शुभेच्छा. कक्षेची रेघ एकदाही उडाली नाही, हे कुठेतरी नोंदवून ठेवलं पाहिजे. मग माळरानावरून आल्मुट चालत आली. दार उघडलं. आल्मुट तरंगली. पडदा एवढा मोठा होता की तिचा हात माझ्या उंचीचा होता.

मग कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. आजारी माणसाने चार पावलं टाकली की वाजवतात तशा टाळ्या. लोक उभे राहिले, माना उंचावून, वाकून पहिल्या रांगेत तिला शोधायला लागले. एक म्हातारी जवळ येऊन तिचा हात कुरवाळत "बिचारी, बिचारी" करत होती. फोल्कमार बुटांकडे बघत होता. आल्मुट उठली, सगळ्यांना मान झुकवून नमस्कार केला, कोट घेतला आणि बाहेर गेली.

मला वाटलं, भारावली. मागे धावलो.

ती सायकली लावतात तिथे उभी होती. रडत नव्हती.

विचारलं, आवडलं नाही का?

"मी गेले नव्हते, आन्सगार."

म्हणून तर केलं, असं म्हणायला लागलो. तिने थांबवलं.

"मी ते कधीच पचवलं. तुला अजून पचत नाही. रॉकेट सुटलं त्या दिवशी तू हमसून हमसून रडत होतास. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होते. मला रडायला वेळच मिळाला नाही रे. नंतर लोक यायला लागले आणि तू त्यांना गोष्ट सांगायला लागलास. अजून सांगतोयस. कुठेही गेले की माझ्याआधी ती गोष्ट आत शिरते, आणि मग मला बसायला जागाच राहत नाही."

मी म्हटलं, अभिमानाने सांगत होतो गं.

"माहितीय मला. म्हणून तर एवढी वर्षं ऐकली."

मग तिने माझा हात हातात घेतला. तिचा हात गरम होता. "तिकडून परत आल्यावर मी या घरी येणार नाही. हे मला तुला चांगल्या दिवशी, चांगलं जेवण करून सांगायचं होतं. ईस्टरला तेवढं धैर्य झालं नाही."

त्यावर बोलण्यासारखं खूप होतं. मी म्हटलं, कोटाचं वरचं बटण लाव, वारा आहे.

तिने लावलं.

२ जून, सोमवार

नवे नियम. एक: ऐकायला शिकायचं. दोन: मध्ये बोलायचं नाही.

रोज संध्याकाळी तिला विचारतो, "काही बोलायचंय का?" काल म्हणाली, "आता झालं रे बोलून." तरी मी वाट बघत बसतो. तिला ते जाणवत असणार.

दक्षिण ध्रुवाबद्दल वाचलं. उणे चाळीस. थंडीत माणसाला घराची ओढ लागते, हे शास्त्रीय आहे. बहुतेक.

पेशबाईंचं पत्र आलं. संग्रहासाठी फिल्मची खरी प्रत हवीय, तो शॉट वगळून. आल्मुटला म्हटलं, मी लढणार, एक फ्रेमही काढणार नाही. ती सॉक्सच्या जोड्या लावत होती, जाड लोकरीचे. मान वर न करता म्हणाली, "काढ."

नक्की?

"माझ्यासाठी काहीतरी करायचंय ना तुला? मग एवढं कर."

काढला. आठवडेच्या आठवडे जोडत बसलो होतो, जायला एक क्लिक पुरला. मोकळ्या जागेत मंत्र्यांच्या शुभेच्छा लांबवल्या. कोणाला कळणारही नाही.

६ जुलै, रविवार

आल्मुटला स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी लेट. पाऊण तास. मला वाटलं, देव आहे. पाऊण तासात माणसाचं मन कितीदा तरी बदलतं.

बाकावर बसून चीजचे पाव खाल्ले. भाषण तयार केलं होतं, पाठही होतं. सुरुवात "आल्मुट, मला कळलंय" अशी होती. पण कळलंय म्हणजे काय कळलंय, ते पुढचं वाक्य आठवेना. मग विचारलं, "चार्जर घेतलास?"

"दोन्ही."

"आणि मोठा स्वेटर?"

"तो त्यांचा मिळतो तिकडे."

इतक्यात गाडी दुसऱ्याच प्लॅटफॉर्मवर लागणार असल्याची घोषणा झाली. आम्ही पळालो. ती पुढे, मी दोन बॅगा घेऊन मागे, पाठ दुखत असताना. जिना उतरून, जिना चढून. तिला हसू फुटलं, मलाही. वेळेत पोचलो. बॅगा वर चढवल्या. तिने माझ्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, "पाठीला शेक घे." दार लागलं.

एवढं एकत्र पळणं आम्ही कित्येक वर्षांत केलं नव्हतं. खूप छान पळालो.

घरी येऊन शेक घेतला नाही.

११ जानेवारी, रविवार

त्या केंद्राच्या वेबसाइटवर फोटो आलाय. नऊ जण, मागे नुसता बर्फ. खाली नावं. ल्यूटगेन शोधलं. नव्हतं. क्षणभर वाटलं, गेलीच नाही! वाटेतून परत फिरली! मग परत वाचलं. डावीकडून चौथी. आल्मुट ब्रांडिस. लग्नाआधीचं आडनाव.

पुढे फक्त कामाचं नाव: वातावरणाच्या नोंदी. जाता जाता राहिल्याचं काहीच नाही. त्या आठ जणांना ते माहीतही नसेल.

म्हटलं, या फोटोचं काहीतरी करावं. थोडा बर्फ भुरभुरवावा, तिचा मफलर हलवावा, मार्चमध्ये वाढदिवस असतो तेव्हा पाठवावा. फोटो उघडला, फक्त तिला घेतलं आणि मोठं करत गेलो. ती हसत होती. तोंड उघडून, मागचे दात दिसेपर्यंत. ते नीट बघायचं होतं. आणखी मोठं केलं. फोटो छोटा होता, फुटायला लागला. आणखी जवळ गेलो तर चेहरा गेला, पडद्यावर नुसते करडे आणि गुलाबी चौकोन उरले.

मग मागे येत गेलो. तिचा चेहरा परत जुळून आला, मग शेजारचे आले, मग सगळे नऊ जण, मग मागचा बर्फ. एवढ्या अंतरावरूनही ती हसतेय हे दिसत होतं.

मफलर हलवला नाही. फोटो होता तसा बंद केला.